मेळघाटात तंबू ठोकता येईल का?

पावसाळा सरत आला की इनबॉक्समध्ये हाच प्रश्न. "भाऊ, तंबू घेऊन गेलो तर चालते का?"

नाही चालत. गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे ते. मुक्काम करायचा तर सेमाडोह, कोलकासची खोली आधी बुक करा. पायी फिरायची हौस असेल तर शहानूरला नोंद करून नरनाळा किल्ला पाहा, उजेडातच परत फिरा.

नियमाचा राग येतो काहींना. पण वाघासाठी कुंड, बोरी, कोहा ही कोरकूंची गावं जंगलातून उठून अकोटकडे सपाटीवर आली. पिढ्यान् पिढ्या ज्यांची चूल तिथं पेटली, त्यांची विझली. अन् आपल्याला एका रात्रीसाठी शेकोटी पाहिजे?

जा बाप्पा, जरूर जा. फक्त पाहुण्यासारखं जा.