चौथी

गौरी-गणपतीला आमची कळव्याची चाळ अर्धी रिकामी होते. बहुतेक बिऱ्हाडं कोकणात जातात. रजा न मिळालेले आणि आमच्यासारखे, गावी घर न उरलेले, तेवढे मागे राहतात. यंदा गौर जागवायला आम्ही तिघीच होतो. झिम्म्याला रिंगण लागतं. तिघींत ते फिरतच नाही, टाळ्या मात्र अडकतात. साधी फुगडी दोघींची, म्हणजे तिसरीने बघत बसायचं. बसफुगडी घालावी, तर शेजारच्या आजींचे गुडघे कुठून आणायचे?

आजी म्हणाल्या, "चौघींची घालू." समोरासमोरच्या दोघी हात धरतात, हातांची फुली पडते, वेग आला तरी एकीचा तोल दुसरी सांभाळते. पण चौथी कुठून आणायची?

आई दाराशी बसली होती. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हापासून अशा रात्री ती दाराशीच बसते. कोणी बोलावत नाही, तीही उठत नाही. मी बी.ए. करते, स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिते. पण तिला बोलवायला माझी जीभ रेटली नाही.

आजींनीच पदर खोचला. "ऊठ गं, एक माणूस कमी पडतंय."

आई उठली. हात गार होता तिचा. तिसऱ्या फेरीला तोल माझाच जाऊ लागला, आणि ती हसत होती.