ताटासमोरचा तास

३ जुलै
डॉक्टरांनी लेकीची नाडी मोजली. मिनिटाला ४४. मी म्हटलं, "रोज पळायला जाते, म्हणून असेल." त्यांनी मान हलवली. चार महिने पाळी नाही, हात गार, पाठीवर बारीक लव. "पोटाला मिळत नाही, म्हणून शरीर काटकसर करतंय. हृदयसुद्धा हळू चालवतंय." आजाराचं नाव ॲनोरेक्सिया. लगेच दाखल केलं.

६ जुलै
वाटलं होतं, आता भरपूर खाऊ घालतील. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट उतरून हृदयावर बेतू शकतं. म्हणून खाणं बेताबेतानं वाढवताहेत, रोज रक्त तपासताहेत.

१० जुलै
पाडव्याला नणंद लेकीला म्हणाली होती, "काय छान बारीक झालीस गं!" मीही कौतुकानं हसले होते. आज डॉक्टरांसमोर ते सांगताना रडू आवरेना. ते म्हणाले, "हा आजार कुणा एकामुळे होत नाही. अनुवंश, स्वभाव, वय, डाएट, सगळं जुळून येतं. पण ती बरी व्हायला मात्र तुम्ही दोघं हवेत."

१५ जुलै
घरी आणलं. गेले कित्येक महिने ती पाककृतींचे व्हिडिओ बघायची, आम्हाला केक करून घालायची, स्वतः कणही तोंडात टाकायची नाही. मला ते नाटक वाटायचं. आज वाचलं: १९४४-४५ साली अमेरिकेत ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते धडधाकट पुरुषही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, जेवण लांबवत राहायचे. पोरीला मी नाटकी म्हटलं. ती उपासमार होती.

२१ जुलै
लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात घडलेली पद्धत आम्हाला शिकवताहेत. आधी ताटात काय आणि किती, हे आईवडिलांनी ठरवायचं. वजन सावरलं की हळूहळू ते तिच्याकडे सोपवायचं. भांडायचं आजाराशी, लेकीशी नाही.

२८ जुलै
पोळीला तूप दिसलं आणि तिनं ताट ढकललं. "तू मला जाड करतेयस!" एरवी मी ओरडले असते, नाहीतर कोरडी पोळी वाढून मोकळी झाले असते. आज म्हटलं, "भीती वाटतेय, कळतंय मला. मी इथेच बसलेय. एक घास घे." हे ऑफिसला न जाता तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. एक तास दहा मिनिटं. वरण गार झालं, तिचे डोळे सुजले, ताट मात्र रिकामं झालं.

या आठवड्यात वजन ४०० ग्रॅम वाढलं. अजून कित्येक महिने लागतील.

उद्या साडेसातला: दूध, दोन अंडी, तूप लावलेली पोळी.