चित्रांची पेठ : लॅमिंग्टन रोड

मुंबई पाहावयास आलेला पाहुणा गेटवे पाहतो, राणीची बाग पाहतो, संध्याकाळी चौपाटीवर भेळ खातो आणि मुंबई पाहून झाली असे मानून आपल्या गावी परततो. त्याच चौपाटीपासून थोड्या अंतरावर एक रस्ता आहे. तेथे पाहुण्याला कोणी नेत नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. कारण तेथे पाहण्यासारखे असे वरवर काहीच नाही. परंतु ज्या घरात संगणक आहे आणि त्या संगणकावर शिकणारे एखादे मूल आहे, त्या घराला अशा रस्त्याशी कधी ना कधी काम पडतेच. वाचकहो, आज आपण त्या रस्त्याने फिरून येऊ.

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकावर उतरावे आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडावे. भाजीच्या पाट्या, फुलवाले आणि घाईने चालणारी माणसे यांतून वाट काढीत काही मिनिटे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पाट्यांवर नवे नाव आणि लोकांच्या तोंडी जुने, हा मुंबईचा रिवाज येथेही चालू आहे.

एके काळी हा रस्ता चित्रपटांचा होता. येथील ‘मिनर्व्हा’ चित्रपटगृहात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ‘अप्सरा’ याच रस्त्यावर होते. ‘नाझ’च्या इमारतीत वितरकांची कार्यालये होती, आणि कोणते चित्र चालले व कोणते पडले याचा निवाडा तेथील जिन्यांवर होत असे. ‘मिनर्व्हा’ आता उरलेले नाही. पण रस्त्याचा चित्रांशी असलेला संबंध तुटला, असे मात्र म्हणवत नाही. पूर्वी रेडिओचे व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर विकणाऱ्या येथील दुकानांत पुढे दूरचित्रवाणी संचाचे सुटे भाग आले, आणि आता त्याच अरुंद गाळ्यांत घरच्या संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारी यंत्रे मिळतात. त्यांना ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आजचे आपले काम त्याच्याशी आहे.

हे कार्ड करते तरी काय? संगणकाच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. संगणकाचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो. म्हणजे एका सेकंदात १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या निष्णात सुगरणीसारखा असतो. अवघड पदार्थ तिने करावा. पण हजार पापड लाटावयाचे असतील, तर एका सुगरणीपेक्षा आळीतल्या सगळ्या बायका जमविणे बरे. ग्राफिक्स कार्डात असे साधे काम करणारे शेकडो, हजारो हात असतात. १९९९ साली एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणले, तेव्हापासून या यंत्राला ‘जीपीयू’ म्हणण्याचा प्रघात पडला.

आता येथे एक गोष्ट आधीच सांगावयास हवी. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, शाळेचे पाठ पाहणे, चित्रपट पाहणे एवढ्यासाठी वेगळ्या कार्डाची गरज नसते. बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच चित्रापुरती सोय असते आणि ती पुरते. खेळ, चित्रफितींचे संपादन, किंवा इमारती व वस्तू यांची त्रिमिती चित्रे काढणे, असे काम असेल तरच या रस्त्याची पायरी चढावी.

माझ्या भाचीचे काम तसेच होते. ती इंदूरला वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिचा संगणक एका कार्यालयाने विकावयास काढलेला, जुना पण धडधाकट. तिने रचलेल्या इमारतीचे एक चित्र पुरते उमटावयास त्यावर तासाहून अधिक वेळ लागे. रात्री चित्र लावून झोपावे, पहाटे उठून पाहावे तो सावली चुकलेली. की पुन्हा सारे पहिल्यापासून! वर्षाचे काम सादर करण्याचा दिवस जवळ येत चालला होता. २०२५ च्या मे महिन्यात ती मुंबईस आली, तेव्हा माझ्या बहिणीने भिशीचे वीस हजार रुपये तिच्या हाती दिले होते. “मामा, यातच बसवायचं आहे,” असे तिने आल्या आल्या बजावले.

रविवारी येथील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून आम्ही सोमवारी सकाळी गेलो. पदपथावर खोक्यांचे ढीग, हातगाड्या, डोक्यावर मॉनिटर घेऊन चाललेले हमाल, आणि गल्ल्यामागून एकाच दमात कच्छी, गुजराती, हिंदी आणि मराठी बोलणारे दुकानदार! पहिल्या दुकानातला तरुण मोठा अगत्यशील होता. त्याने दोन पंख्यांचे, दिसावयास भारदस्त असे एक कार्ड काढले. “साहेब, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या. तुमचा एसएमपीएस लहान असेल तर नवा टाकून देतो,” तो म्हणाला. एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमधला वीज पुरविणारा डबा. सारा हिशेब पंचवीस हजारांवर गेला. “पक्कं बिल नको असेल तर थोडं कमी करू,” हेही त्याने हळूच सांगितले. भाचीचे डोळे त्या कार्डावर खिळले होते, आणि वरचे पाच हजार आपण घालावेत अशी मामाची ऐट मलाही सुचू लागली होती. पण तिनेच माझी बाही ओढली. “आणखी एका ठिकाणी विचारू या ना.”

दुसरे दुकान जिन्याखाली होते. गल्ल्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी कार्ड दाखविले नाही, उलट विचारले, “बेटा, कॉम्प्युटर कुठला आहे? आतला फोटो आहे का?” सुदैवाने भाचीने घरून निघताना कॅबिनेट उघडून छायाचित्रे काढली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती नीट पाहिली आणि एका तारेवर बोट ठेवले. “हे बघ. बाजारातल्या एसएमपीएसला मदरबोर्डासाठी चोवीस पिनांचा प्लग असतो. तुझ्याकडे हा छोटा आहे. कंपनीने आपली वेगळी पिन ठेवली आहे. नवा एसएमपीएस याला सरळ बसणार नाही. मग मदरबोर्ड बदल, मग कॅबिनेट बदल; खर्च कुठे थांबेल?”

पहिल्या दुकानात पैसे मोजून आम्ही परतलो असतो, तर ते भारदस्त कार्ड इंदूरला कपाटात पडून राहिले असते आणि भिशीचे पैसे गेले ते गेलेच असते.

पुढे त्यांनी जे समजावून सांगितले, ते मी वाचकांसाठी जरा क्रमाने मांडतो. मदरबोर्डावरील ज्या खाचेत कार्ड बसते, त्या खाचेतून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. याहून अधिक वीज मागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते, आणि कार्यालयीन संगणकांत बहुधा ती तार नसते. तेव्हा अशा घराने ७५ वॅटच्या आतले कार्ड निवडावे. येथे नावाने फसू नये. ‘आरटीएक्स ३०५०’ याच नावाची दोन कार्डे आहेत. २०२२ साली आलेले ८ जीबीचे कार्ड १३० वॅट वीज घेते व त्याला वेगळी तार लागते. २०२४ साली आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॅटवर चालते व बहुतेक कंपन्यांच्या कार्डांना तार लागत नाही. दुसरे पहिल्याहून काहीसे मंद आहे; पण भाचीच्या संगणकात चालणारे तेच होते.

याहून स्वस्त असे ‘रेडिऑन आरएक्स ६४००’ आहे. तेही तारेवाचून चालते. परंतु त्याला मदरबोर्डाशी बोलावयास चारच पदरांचा रस्ता आहे. नव्या मदरबोर्डावर तो पुरतो. जुन्यावर त्याच रस्त्याची वाहतूक निम्म्यावर येते. शिवाय त्याची मेमरी ४ जीबीच, आणि चित्रफीत तयार करण्याची यंत्रणाही त्यात नाही. इंटेलची ‘आर्क’ कार्डे किमतीच्या मानाने चांगली असली, तरी ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेल्या नव्या मदरबोर्डावरच ती नीट चालतात. मेमरीच्या आकड्याचेही असेच. खोक्यावर जीबीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण मेमरी हे कार्डाचे कोठार. कोठार मोठे आणि राबणारे हात थोडे, असे एक कार्ड पूर्वी मीच घेऊन फसलो होतो. ४ जीबी हा आकडा पाहून घेतले. प्रोसेसरच्या पोटातील सोयीहून ते फारसे सरस निघाले नाही.

जुन्या कार्डांचा मोह अनेकांना होतो, आणि माहीतगार माणूस बरोबर असेल तर तो वाईट नव्हे. मात्र दोन गोष्टी जाणून असाव्यात. सप्टेंबर २०२२ पर्यंत ‘इथेरियम’ हे आभासी चलन मिळविण्यासाठी असंख्य कार्डे रात्रंदिवस राबविली गेली. चलनाची पद्धत बदलल्यावर ती बाजारात आली. त्यांचे पंखे आणि आतली उष्णतेची लेप झिजलेली असू शकतात. दुसरे असे की, जुन्यापुराण्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकार घडले आहेत. ‘जीपीयू-झेड’ नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम अशी बरीच नकली कार्डे ओळखतो. दुकानातच कार्ड लावून, तो चालवून पाहू द्याल का, असे विचारावे. नकार मिळाला तर पुढचे दुकान गाठावे.

त्या वृद्ध गृहस्थांनी ६ जीबीचे, एका पंख्याचे आखूड कार्ड काढले, पट्टीने त्याची लांबी मोजली आणि छायाचित्रातील कॅबिनेटमध्ये ते कोठे बसेल ते दाखविले. मग आणखी एक प्रश्न: “मॉनिटर जुना आहे ना? निळी तार आहे का?” होती. नव्या कार्डांवर त्या जुन्या व्हीजीए तारेची जागाच नसते. तेव्हा एक छोटा कन्व्हर्टर घ्यावा लागला. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटीसह सारी रक्कम आणि कार्डाचा सिरियल नंबर त्यांनी लिहून दिला. “हे जपून ठेव. बिल आणि नंबर असला तर वॉरंटी मागायला सोपं जातं. इंदूरला त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे का, तेवढं आत्ताच बघून घे.” वीस हजारांतून जे उरले, त्यात ८ जीबीची रॅम बसली आणि वर परतीच्या प्रवासातल्या चहापुरते पैसे राहिले. मोठे कार्ड विकून त्यांना अधिक नफा झाला असता, हे सांगावयास नकोच.

वाचकहो, तुम्हाला यासाठी मुंबईस यावयाचे कारण नाही. दिल्लीला नेहरू प्लेस आहे, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, कोलकात्याला चांदनी चौक आणि सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटर. प्रत्येक ठिकाणी तो अगत्यशील तरुण आहे, आणि शोधलात तर ते वृद्ध गृहस्थही आहेत. मात्र निघण्यापूर्वी घरीच कॅबिनेट उघडावे. एसएमपीएसवरील वॅटचा आकडा, त्याच्या तारा, मदरबोर्डाचे नाव, कार्डासाठी मोकळी असलेली लांबी आणि मॉनिटरची तार, एवढ्यांची छायाचित्रे घ्यावीत. काम काय आहे आणि पैसे किती आहेत, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे व कागदावर लिहावे. कार्डाची निवड खरोखर त्या कागदावरच होते. बाजारात जावयाचे ते त्याची शहानिशा करावयास. आणि एवढे करूनही फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. बिल हाती असले की तक्रारीला वजन येते.

भाची इंदूरला पोचली त्या रात्री दहा वाजता फोन आला. “मामा, पंखा फिरतोय, पण पडदा काळाच आहे!” माझ्या पोटात गोळा आला. मग मॉनिटरची तार कोठे लावली आहे, असे विचारले. ती सवयीने जुन्याच जागी, मदरबोर्डाच्या खाचेत लावलेली होती. कन्व्हर्टर लावून ती कार्डाला जोडताच पडदा उजळला, हे मला तिच्या ओरडण्यावरूनच कळले.

अर्ध्या तासाने तिने एक चित्र पाठविले. लहानशा ग्रंथालयाचे अंगण, मध्ये कडुनिंबाचे झाड, आणि पायऱ्यांवर पडलेली दुपारची सावली. दहा मिनिटांत उमटले, असे खाली लिहिले होते. सावली पुन्हा थोडी चुकली होती. पण आता ती त्याच रात्री दुरुस्त करता येणार होती. मग फोन बहिणीने घेतला. चित्राविषयी ती काही बोलली नाही. “पैसे पुरले ना रे?” एवढेच तिने विचारले. पुरले, असे मला सांगता आले.