हजेरीपटावरचं नाव

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या काही आमच्या गावात हातोहात फिरून चिंध्या झाल्या होत्या. झुंजार यायचा, गूढ उकलायचा. आम्हाला वाटायचं, गडी एकदा आपल्याकडंबी यावा.

१९७२च्या दुष्काळात आमचं अख्खं घर खडी फोडायला जायचं. मजुरी आणि वर सुकडी. मला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून पगाराच्या दिवशी मुकादमानं हजेरीपट वाचायला बसवलं. वाचता वाचता थोरल्या चुलत्यांचं नाव आलं. चुलते जाऊन दोन वर्षं झालेली. पटावर मात्र त्यांचे सगळे दिवस भरलेले, समोर शाईचा ठसठशीत अंगठा. रांग गप्प झाली. चुलती रांगेतच उभी होती.

"वाच बाबा फुडं," तीच म्हणाली. "उद्या कामावर यायचंय."

पुस्तकात गुन्हेगार शेवटच्या पानावर कळतो. इथं तो सगळ्यांना आधीच ठाऊक होता. पैसा मुकादमाकडून वर कुणाकडं जातो, हेही पोरासोरांना माहीत. शोधायचं काहीच नव्हतं, बोलायचं होतं. पण बोलणाऱ्याचं नाव त्याच पटावर, आणि पट मुकादमाच्या हातात. झुंजार गूढ उकलून निघून गेला असता. चुलतीला सकाळी त्याच खडीवर बसायचं होतं.

२००५च्या माहिती अधिकार कायद्यानं आता हजेरीपट मागता येतो. चांगलं झालं. अर्जावर मात्र मागणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, आणि त्याचं घर गावातच असतं.