पायांखालची गोष्ट

कुठलीही वस्तू घेताना आपण तिच्या तोंडाकडे पाहतो. पायांकडे पाहून सौदा करण्याची रीत आता बैलबाजारातच काय ती उरली आहे. स्पीकरच्या बाबतीत तर पायांचा विचार कुणाच्या स्वप्नातही येत नाही. माझ्याही आला नसता. पण माझ्या धाकट्या भावाने कमरेइतक्या उंच स्पीकरच्या एकसारख्या दोन जोड्या घेतल्या. एक त्याने सांगलीच्या आपल्या घरी ठेवली आणि दुसरी साताऱ्यास आणून माझ्या माडीवर उभी केली. पेट्या त्याच, गाणे तेच, जमीन मात्र निराळी! त्यामुळे घरबसल्या आमचा एक प्रयोगच झाला.

खोक्यात दोन तऱ्हेचे पाय निघाले: अणकुचीदार पोलादी खिळे आणि रबरी बुटके पाय. भावाला अर्थात खिळे पसंत. टोकावर उभी राहिलेली वस्तू माणसाला उगाचच शास्त्रीय वाटते. पण हे खिळे जन्मले ते थंड मुलुखांतल्या घरांसाठी. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा. त्यावर पेटी डुगडुगते. खिळा गालिच्याच्या धाग्यांतून शिरून खालची टणक जमीन गाठतो आणि पेटी स्थिर होते. आपल्याकडे जाजम तेवढे कार्यापुरते. तेव्हा खिळ्याचे निम्मे काम आपल्या घरात शिल्लकच नसते.

सांगलीच्या घरात तळमजल्यावर शहाबादी फरशी, तिच्याखाली थेट जमीन. ती ढिम्म हलत नाही. तिथे वहिनींनी मला डोळे मिटून बसवले आणि भावाकडून पाय बदलून घेऊन तेच गाणे पुन्हा पुन्हा लावले. मला काडीचाही फरक कळला नाही. भावाला कळतो म्हणे; पण तो डोळे उघडे ठेवून ऐकतो! तिथे प्रश्न फरशीचाच. वीस किलोची पेटी चार टोकांवर उभी केली की एकेका टोकावर पाच किलो. फरशीवर टवके नि ओरखडे ठरलेले. वहिनींनी प्रत्येक टोकाखाली पितळेची चकती सरकवली आणि तो विषय तिथेच मिटला.

साताऱ्याचे गाऱ्हाणे वेगळे. माझी माडी म्हणजे तुळयांवर फळ्या ठोकून केलेली जमीन. आणि तिच्याखाली ऐंशी उलटलेल्या, छातीच्या दुखण्याने अंथरुणास खिळलेल्या एक आजी. त्यांचे माहेर मिरजेचे. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावची ही लेक. गाण्याला त्या नावे ठेवतील कशा? पण एके दिवशी जिन्याखालून हाक आली, "अहो मास्तर, तुमचं गाणं मला ऐकूच येत नाही हो. नुसतं दळण ऐकू येतं!"

आजींनी एका वाक्यात सगळे शास्त्र सांगितले होते. खिळ्यातून कंपन फक्त खाली 'निचरून' जाते, असे विक्रेते सांगतात. निचरून जाते तर कुठे? फळीत! आणि अधांतरी फळी म्हणजे तबल्याची पुडीच. तंबोऱ्याच्या भोपळ्याने घुमावे अशीच कारागिराची इच्छा असते. स्पीकरच्या पेटीने आणि तिच्याखालच्या जमिनीने मात्र गप्प बसावे.

मग मऊ गादी हवी. पण केवढी मऊ? आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, "ती किती दबते ते मोजा." गादी ओझ्याखाली एक मिलिमीटर दबली, तर पेटी तिच्यावर सेकंदाला सुमारे सोळा वेळा डुलते, त्याच्या दीडपटीच्या वरची कंपने ती अडवू लागते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला ६९ कंपनांचा; तो सहज अडतो. पण गादी केस दोन केसच दबली, तर ती जवळजवळ दगडच. म्हणून पिठाच्या गिरणीखाली घालतात तसले रबर या वीस किलोंना निरुपयोगी. आणि साधा स्पंज महिन्याभरात पापड होतो.

मऊपणाला आणखी एक खोड असते. उंच पेटी त्यावर डोलते. सातारा जिल्ह्यात डोलणारी वस्तू कुणालाच सोसत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या वडिलांच्या पिढीने भोगला आणि बारीकसारीक धक्के अजूनही बसतात. घरात लहान मूल असेल तर भूकंपाचीही गरज नाही. यावर तोडगा निघाला तो सांगलीच्याच फरशीचा. दीड फूट चौरस, सव्वा इंच जाड शहाबादीचा एकेक तुकडा प्रत्येक पेटीखाली घातला, पेटी त्याला पट्टीने जखडली आणि त्याच्या चार कोपऱ्यांखाली मऊ रबराचे चार गोळे ठेवले. बैठक रुंद झाली. वजन पस्तीस किलोंवर गेल्याने गोळेही मनासारखे दबले.

गादी अडवते ते पायांतून जाणारे कंपन. हवेतून फळीवर आदळणारा आवाज तिला जुमानत नाही. म्हणून रात्री नऊनंतर आवाजाची कळ निम्म्यावर, हा नियम आम्ही आपणहून केला.

चार दिवसांनी पुन्हा हाक आली. मी धडधडत्या छातीने खाली गेलो.

"दळण थांबलं बरं का," आजी म्हणाल्या. "पण आता गाणंही येत नाही. संध्याकाळी जिन्याचं दार जरा उघडं ठेवाल का?"