सादरीकरणाचे वीस गुण

प्रिय सुलभा,

स्पर्धेच्या गुणांचा तक्ता मिळाला. परीक्षकांत तुझं नाव आहे हे बरं झालं. पण शेवटचा रकाना वाचला आणि डोकं फिरलं. सूर तीस, लय वीस, पदाची समज तीस आणि ‘व्यक्तिमत्त्व, पेहराव व सादरीकरण’ वीस! अशा स्पर्धेत पहिल्या आणि तिसऱ्या नंबरात दोन-तीन गुणांचं अंतर असतं हे तुला मी सांगायला नको. म्हणजे निकाल या वीसातच लागणार.

तू म्हणशील, नाट्यसंगीत आहे बाई, रंगभूमीवर रूप बघणारच. वर बालगंधर्वांचा दाखला देशील. दे की. त्यांचा शालू, त्यांचा गजरा, पदर घ्यायची ढब घरंदाज बायका उचलत, हे मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. पण ते रूप जन्माने मिळालेलं नव्हतं. पुरुषाच्या देहावर ते रोज रात्री नव्याने उभं करावं लागे, आणि त्यातलं निम्मं काम गळा करायचा. हे कळायला त्यांचे सिनेमे आठव. 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. 1937 मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त मात्र मीरा होऊन कॅमेऱ्यासमोर आले, वय पन्नाशीला टेकलेलं. ज्या वयाकडे आणि सुटलेल्या अंगाकडे नाट्यगृहात लोक खुशाल काणाडोळा करत, तेच कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवलं. चित्रपट पडला. माझ्या मते प्रेक्षक बदलले नव्हते, बसायची जागा बदलली होती. लांबून कान पुढे असतात, जवळून डोळे.

मग सिनेमाने आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा अशी वाटणी केली. ‘धूप छाँव’ला पार्श्वगायन आलं तेही 1935 मध्येच. कुरूप गायकांचा कळवळा येऊन कुणी हे केलं नाही, पण फायदा झाला तो झालाच. लताबाईंचंच बघ. 1942 मध्ये वडील गेले आणि त्या पोरवयात घर चालवायला त्यांना तोंडाला रंग लावून उभं राहावं लागलं. भुवया रुंद दिसतात म्हणून कुणीतरी त्या कोरायला लावल्या. त्याचा किती त्रास झाला हे पुढे त्यांनीच सांगितलं. भुवया! ज्या गळ्यावर पुढची पन्नास वर्षं हिंदी सिनेमा उभा राहिला, त्या गळ्याच्या मालकिणीच्या भुवया मोजत होते. पार्श्वगायन रुळलं नसतं तर त्या बाई किती काळ ‘नायिकेची मैत्रीण’ म्हणून मागे उभ्या राहिल्या असत्या, कोण जाणे.

अर्थात चेहरा गेला तसं नावही गेलं. 1949 च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी केली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. फिल्मफेअरला तर पार्श्वगायकांसाठी वेगळं पारितोषिक ठेवायला 1959 उजाडलं, तेही लताबाईंनी समारंभात गायला नकार दिल्यानंतर. हल्ली टीव्हीवर उलटी गंमत आहे. नाव मोठ्या अक्षरात येतं, पण त्याआधी पोरगी दोन तास रंगभूषेच्या खुर्चीत बसते आणि सुरावर बोलण्याआधी तिच्या घागऱ्याचं कौतुक होतं.

सादरीकरणाला मुळीच गुण नकोत असं मी म्हणत नाही. पदाचा अर्थ तोंडावर दिसावा, मुद्रादोष नसावा, हे आपल्याला छडी उगारून शिकवलेलं आहे. पण मग न्याय सारखा लावा. भीमसेनजींची तान निघाली की हात, मान, अख्खं धड तिच्यामागे जायचं आणि लोक म्हणायचे, समाधी लागली. तेच एखाद्या मुलीने केलं की ‘वेडीवाकडी तोंडं करते’. गेल्या साली एका स्पर्धेत मी पेटीच्या साथीला होते. एक सावळी, दात जरा पुढे असलेली मुलगी गायली. भीमपलासातला तिचा कोमल निषाद असा लागला की माझा हात पेटीवर थबकला. शेजारच्या टेबलावरचे परीक्षक तिच्याकडे बघतही नव्हते, पुढच्या स्पर्धकाची यादी चाळत होते. नंतर तिच्या आईला एकाने ऐकवलं, गळा आहे हो, पण स्टेजवर दिसायला हवी. आईने मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचाच राग आला.

आणि ‘मी रूप बघून गुण देत नाही’ हे कृपा करून लिहू नकोस. चिआ-जुंग त्साय नावाच्या पियानोवादक संशोधिकेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. वाद्यसंगीताच्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या काहींना नुसत्या ऐकवल्या, काहींना आवाज बंद करून नुसत्या दाखवल्या. विजेता जास्त वेळा ओळखला तो मूक चित्रफीत बघणाऱ्यांनी. त्यात कसलेले वादकही होते, आणि बहुतेक जण आधी म्हणाले होते की आवाजच महत्त्वाचा. तिथे तुझी-माझी काय कथा!

तेव्हा तू एवढंच कर. पहिली फेरी पडद्याआड घ्यायला लाव. अमेरिकेतले वाद्यवृंद गेली कित्येक वर्षं भरतीला पडदा लावतात. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून खाली गालिचाही अंथरतात. आपल्याकडे गळाच सगळं सांगणार, बांगड्याही वाजणार, वाजू देत. सावळी की गोरी, साडी साधी की भरजरी, एवढं झाकलं तरी पुष्कळ. वीस गुणांचा रकाना दुसऱ्या फेरीत ठेवा, आणि दहाचा करा. ‘पेहराव’ हा शब्द तर खोडाच, नाहीतर ज्यांच्याकडे पैठणी आहे त्यांना घरूनच गुण मिळून येतील.

संयोजक तुझं ऐकतील, मी पडले पेटीवाली. नाहीच ऐकलं तर तुझ्या तक्त्यात सगळ्यांना त्या रकान्यात सारखेच गुण टाक, हेही चालतं. काय ठरलं ते शनिवारच्या आत कळव.

तुझी,
विजू