जावं का राहावं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत एक पालक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या चौथीतल्या एका मुलीचे वडील. यंत्रमागावर काम करतात. घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत आले की मराठी.

"बाई, पोरीचा दाखला मिळंल का? पुण्याला जायचं म्हणतोय. मेव्हणा हाय तिकडं. वॉचमनचं काम लावून देतो म्हणतो."

मी अर्जाचा कागद दिला. त्यांनी तो घेतला, पण दारातून हलेनात. मग हळूच म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, जावं का ऱ्हावं?"

मुलांनो, डीएडला आम्हाला पाठ कसा घ्यावा, फळा कसा लिहावा, सगळं शिकवतात. या प्रश्नाचं उत्तर काही शिकवलेलं नव्हतं! माझा सख्खा भाऊ पुण्यात, नणंद पुण्यात. आमच्या सोलापुरात ज्या गल्लीत जाल तिथे प्रत्येक दोन घरांमागे एक जण पुण्याला गेलेला सापडेल. मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली. एकीकडे 'चांगलं', दुसरीकडे 'वाईट'. मुलांना सांगितलं, "आपलं सोलापूर कसं आहे ते घरी विचारून या. आई-बाबांना विचारा, आजीला विचारा, शेजाऱ्यांना विचारा."

चांगल्याची बाजू दहा मिनिटांत भरली. सगळ्यात वर काय असेल? शेंगाची चटणी! उखळात कुटून कुटून तेल सुटलेली, लालभडक. तिच्या जोडीला ज्वारीची कडक भाकरी. पापडासारखी मोडते आणि कितीतरी दिवस टिकते, म्हणून पुण्याला निघालेल्या प्रत्येकाच्या पिशवीत ती असतेच.

मग आला गड्डा. तुमच्यापैकी पुष्कळांना हा शब्द नवा असेल. सिद्धेश्वर हे आमचं ग्रामदैवत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर या शिवयोग्यांनी इथे तळं खोदवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या वेळी त्यांची मोठी यात्रा भरते. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेली माणसं भलेमोठे उंच नंदीध्वज तोलत मिरवणुकीने चालतात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा. त्या अक्षता टाकायला एवढी गर्दी लोटते की मुंगीला शिरायला जागा नाही. होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकानं लागतात, ती जत्रा म्हणजे गड्डा. आमची पोरं वर्षाची मोजणी सुद्धा "गड्ड्याच्या आधी, गड्ड्याच्या नंतर" अशी करतात.

एका मुलाने लिहून आणलं, "सोलापुरात चार भाषा फुकट शिकायला मिळतात." खरंच आहे की! कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून कानडी. विणकर मंडळी पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आली, म्हणून तेलुगू. शिवाय उर्दू आणि मराठी. आमच्या मराठीतही वाक्यागणिक 'बे' येतो. "काय बे, कुठं चाललास बे?" ही आमची प्रेमाची चौकशी. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, भांडण जुंपलं!

हुतात्म्यांची नावंही चांगल्याच्या बाजूला आली. १९३० साली सत्याग्रहाच्या दिवसांत इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. पुढे खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं एकदा मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे आमचं गाव कसं आहे ते कळेल. सकाळी पुण्याला जाणाऱ्या आमच्या गाडीचं नावही हुतात्मा एक्स्प्रेस. हे सांगत होते तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, येरवडा पुण्यातच ना? म्हणजे ते पण पुण्यालाच गेले की!"

वर्ग एकदम शांत झाला. मलाही काय बोलावं सुचेना.

आता वाईटाची बाजू. पहिलं पाणी, दुसरं पाणी आणि तिसरंही पाणीच! भीमेवरचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात. पण ते शहरापासून शंभर किलोमीटरहून लांब, आणि नळाला पाणी रोज यायचं ठाऊकच नाही. कित्येक वर्षं आमच्या गल्लीत चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलेलं आहे. पाणी यायच्या दिवशी वर्गात चार-पाच जागा रिकाम्या असतात. मी कारण विचारत नाही. हंड्याएवढी पोरं हंडे भरत असतात. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही शाळेला पोचायला उशीर होतो.

मग धूळ आणि मे महिन्यातलं ऊन. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला तरी कुणी बातमी म्हणून सांगत नाही.

काही गोष्टींवरून मात्र वादच झाला. साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली आणि २०२५ साली विमानं सुरू झाली. एकाच्या काकांनी हे चांगल्यात लिहायला सांगितलं होतं, दुसरीच्या आजोबांनी वाईटात. मी दोन्हीकडे लिहिलं.

खरी गंमत पुढेच आहे. एक मुलगा म्हणाला, "बाई, वाईटात 'आवाज' लिहा. आमच्या शेजारी माग आहेत. खटखट, खटखट! अभ्यास होत नाही, झोप लागत नाही." मी लिहिणार तेवढ्यात ती मुलगी उठून उभी राहिली. हो, तीच, जिच्या दाखल्याचा कागद वडिलांनी नेला होता. म्हणाली, "बाई, आवाज चांगल्यात लिहा."

"का गं?"

"आवाज बंद झाला की अम्मा घाबरते."

तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल तर ती जरा उलगडून बघा. त्यावरची नक्षी रंगवलेली नसते, विणलेली असते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ मागावर फिरते आणि कुठला धागा वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं ठरवतात. त्याला जेकार्ड म्हणतात. या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी पानिपतकडची स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकली जाते. मोठ्या गिरण्या तर माझ्या लहानपणापर्यंत एकामागून एक बंदच पडल्या होत्या. आता मागही थांबतात. कामगाराची मजुरी विणलेल्या मालावर, म्हणजे माग थांबला की मजुरी थांबली. मग घर चालतं ते आईच्या विड्यांवर. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हजारांच्या हिशेबाने विड्या वळायच्या, मान वर करायची नाही.

त्या मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग दोन्हीकडे लिहा, बाई."

एकीने विचारलं, "पण बाहेर जाणं वाईटच असतं का? डॉक्टर कोटणीस गेले होते ना?" बरोबर! द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरातच जन्मले. १९३८ मध्ये ते चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार केले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आम्ही त्यांचा अभिमान बाळगतो तो ते गेले म्हणूनच. मग तेही लिहिलं. फळ्यावर जागा उरली नव्हती, त्यामुळे रेघेवरच लिहावं लागलं.

ती सगळी यादी मुलीने वहीत उतरवून घेतली. चार दिवसांनी तिचे वडील पुन्हा आले. तिने त्यांना ती दोनदा वाचून दाखवली होती म्हणे. मी विचारलं, "मग काय ठरलं?"

ते हसले. "पाणी तर तिकडं बी इकत घ्यावं लागतं म्हणे. भाडं पण लई." मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. नाव भरलेलं होतं, सही होती, तारखेची जागा तेवढी कोरी. "हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, बाई. गड्डा होऊ दे. मग बघू."

गड्डा झाला. होम मैदानावरचे पाळणे सुटून ट्रकमध्ये चढले. कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं, तर पहिल्या बाकावरून नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच "हजर!" आलं.